आधी गुण सांगा, सर

हिंगोली जिल्ह्यातल्या समस्त पालकांनी मिळून एका मास्तराला जेवढं छळलं नसेल, तेवढं सातवीतल्या एका पोरीच्या आजोबांनी एकट्यानं मला छळलं आहे. हे मी रागाच्या भरात म्हणत नाही, पंचवीस वर्षांची नोकरी जमेस धरून म्हणतो. वारंगा फाट्याजवळच्या आमच्या मिशनच्या शाळेत भांडखोर पालक पुष्कळ आले. ते भांडले, चहा प्याले आणि गेले. हा गृहस्थ जातच नाही. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडं, हातात काठी आणि चेहऱ्यावर भाव असा, की शाळा यांनीच बांधली आणि आम्ही तिच्यात भाड्यानं राहतो आहोत.

याला मूळ कारण आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर. त्या केरळच्या. मराठी पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध बोलतात. शाळा म्हणजे एक कुटुंब असं त्या मानतात, इथपर्यंत ठीक होतं. पण कुटुंबात मास्तरानं खुर्चीवर आणि पालकानं समोर मान खाली घालून बसणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी पहिल्या शनिवारची पालकसभा काढली. सगळ्यांनी सतरंजीवर गोल बसायचं, सिस्टरनी छोटीशी प्रार्थना म्हणायची, आणि मग शिक्षकानं प्रत्येक लेकराचा आधी एक गुण सांगायचा. तक्रार त्यानंतर. हे अंगलट येणार, असं मी त्याच दिवशी म्हणालो होतो. पण माझं कोण ऐकतंय.

बाकीचे पालक हा नियम दोन सभांत विसरले. आजोबांच्या लेखी मात्र ती काळ्या दगडावरची रेघ झाली. सभा पाचवीची असो की दहावीची, हे हजर. मी तोंड उघडलं, की काठी जमिनीवर टेकवून म्हणायचे, "सर, आधी गुण." एका पोरानं दगड मारून प्रयोगशाळेची काच फोडली होती. त्याचा बाप समोर बसलेला, मी संतापानं थरथरतोय, आणि हे म्हणतात, "आधी गुण." मी दातओठ खात म्हणालो, "नेम चांगला आहे." आजोबा त्या बापाकडे वळून म्हणाले, "ऐकलं का, सर तारीफ करून राहिले." त्या भल्या माणसानं मला हात जोडले, आणि काचेचा विषय तिथेच संपला.

यांना अक्षरओळख नाही, पण नातीची वही मागून घेऊन पान न् पान बघतात. एकदा वही माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "एवढं तांबडं काहून? तकलीफ लेकराला हाय, का तुमाला?" मी जन्मभर लाल शाईनं वह्या तपासत आलो. त्यानंतर हिरवं पेन घेतलं. घाबरून नव्हे. लाल संपलं होतं, एवढंच.

पण माझा खरा राग वेगळाच होता. यांचं घर मेंढपाळाचं. दिवाळी झाली की सगळं घर मेंढरं घेऊन पुसदच्या बाजूला निघतं आणि मृगाच्या तोंडाशी परत येतं. पोरगीही जाते. सहावीत ती अशीच गेली आणि परत आली तेव्हा अपूर्णांक पार विसरलेली. यंदा पुन्हा गेली असती, तर आठवीत तिला काही झेपणार नव्हतं. न झेपणारी पोर घरी बसते, आणि घरी बसलेल्या पोरीचं पुढं काय होतं, ते मी पंचवीस वर्षं पाहतो आहे. ऑक्टोबरच्या सभेत मी फटकळपणे म्हणालो, "शाळेचा एवढा पुळका आहे ना, मग पोरीला शाळेत ठेवा."

"मला काहून सांगता?" आजोबा म्हणाले. "माझ्या पोराला सांगा. त्याला सभेला येळ न्हाई, मेंढरं सुटी देत न्हाईत. तुमी या."

मास्तरानं मेंढरांच्या तळावर जाऊन पालकसभा भरवायची, हे कोणत्या नियमात बसतं, असं मी सिस्टरना विचारलं. त्या तोवर जीपची किल्ली घेऊन निघाल्याही होत्या.

डोंगरकडा गावाच्या अलीकडे, सोयाबीन निघालेल्या एका रानात तळ पडला होता. सिस्टर आपल्या पांढऱ्या साडीनिशी घोंगड्यावर बसल्या. पोरीचा बाप हातातलं कोकरू न सोडता समोर टेकला. आई चुलीपाशी, आणि पोरगी आईच्या आडून बघत होती. मी घसा खाकरला. "हे बघा, तुमच्या मुलीची गैरहजेरी..."

"सर," आजोबा म्हणाले, "आधी गुण."

आणि मला एकही आठवेना. दोन वर्षं माझ्या वर्गात बसलेली पोर. तिचे गैरहजेरीचे दिवस मला तोंडपाठ होते, अपूर्णांकातल्या चुका तोंडपाठ होत्या. गुण विचारला, तर माझी पाटी कोरी. बाप माझ्याकडे बघत राहिला, पोरगी बघत राहिली. मला स्वतःचाच असा संताप आला, की सांगायची सोय नाही. आजोबा मात्र शांत होते. "थांब," ते आपल्या पोराला म्हणाले, "सर आठवून राहिले. लई लेकरं असतात त्यांच्याकडं."

मग मला सहल आठवली. धरणावरून बस निघताना ही पोरगी उठून म्हणाली होती, "सर, एक कमी हाय." मी नुकतीच हजेरी घेतली होती, त्यामुळे तिला दरडावून खाली बसायला सांगितलं. ती बसली नाही. शेवटी उतरून बघतो, तर चौथीतली एक चिमुरडी झाडाखाली चिवडा खात बसलेली. हे सगळं मी तिच्या बापाला सांगितलं. दरडावल्याचंही सांगितलं, जे मी सिस्टरना कधी कळू दिलं नव्हतं.

बापानं कोकरू खाली सोडलं. "एवढं ध्यान हाय तिचं?" असं म्हणून तो बराच वेळ पोरीकडे बघत बसला. मग म्हणाला, "पण गावात तिच्यासंगं राहील कोण? आमी दोघंबी मेंढरामागं."

"मी राहीन," आजोबा म्हणाले.

चालायला लागल्यापासून या माणसानं एकही हिवाळा गावात काढलेला नव्हता, हे परतताना सिस्टरनी मला जीपमध्ये सांगितलं. मला ते माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

दिवाळीनंतर मेंढरं गेली आणि माझा छळ दुप्पट झाला. आता हे रोज शाळेत. नाताळात सिस्टरनी व्हरांड्यात गोठ्याचा देखावा मांडला, मधे बाळ येशू आणि भोवती हात जोडून उभे असलेले तीन मेंढपाळ. आजोबांनी तासभर निरखून मला बोलावलं. "हे बराबर न्हाई, सर. सगळेच आत आले, मंग मेंढरं कोण राखून राहिलं?" हा धर्माचा विषय आहे, यात आपण बोलू नये, असं मी त्यांना बजावत होतो, तेवढ्यात सिस्टर आल्या. त्यांनी एक मेंढपाळ उचलून बाहेर मेंढरांपाशी ठेवला. या शाळेत माझ्या मताला काय किंमत आहे, ते यावरून कळावं.

गेल्या मंगळवारी तर भर तासाला ते वर्गाच्या दारात उभे. माझा पारा चढला. "आजोबा, सभा शनिवारी असते. आज मंगळवार आहे."

"व्हय," ते म्हणाले. "पण घरी कोणीच न्हाई."

पोरगी मान खाली घालून गणित सोडवत राहिली. आजोबा आत आले आणि भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशासमोर जाऊन उभे राहिले. "सर, मेंढरं आता कुठवर गेली असतील?"

वर्गात कोणी हसलं नाही. मी खडू ठेवला. नकाशात पुसद होतं, पण मेंढरं ज्या वाड्या-तांड्यांवरून जातात, ते नकाशात कुठून असणार? तरी मी पुसदच्या जरा अलीकडे पेन्सिलीनं एक ठिपका काढला आणि अगदी ठामपणे सांगितलं, "इथं."

त्यांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं, आणि तास संपेपर्यंत उचललं नाही.