नववा ठोका

काकूंना सगळेच काकू म्हणत, त्यात नवल नाही. पण घड्याळजीही म्हणत, आणि ते त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे. काकूंनी एकदा हे तोंडावर बोलून दाखवलं, तेव्हा घड्याळजी म्हणाले, "मग काय म्हणू? मावशी?" त्यानंतर काकूंनी तो विषय काढला नाही.

नदीकडे उतरत जाणाऱ्या गल्लीत त्यांचं घर. पुढच्या खोलीत शिवणकाम, मागच्या खोलीत संसार. नवरा गेला तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. त्याच वर्षी काकूंनी पायाने चालवायचं एक काळं शिलाई मशीन घेतलं, आणि पुढची तीस वर्षं त्या मशीनवर घर चाललं. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, वाढत्या पोटांसाठी सैल करायच्या पँटी. मुलगा शिकला, लांबच्या शहरात नोकरीला लागला, तिथेच त्याने घर केलं. काकूंना कधी कुणापुढे हात पसरावा लागला नाही. हे त्या बोलून दाखवत नसत, पण गल्लीतून चालताना त्यांची मान बघितली की समजायचं.

वाद्याचा नाद लागला तो सत्तेचाळिसाव्या वर्षी, आणि तोही एका गिऱ्हाइकामुळे. त्याने अकॉर्डियन आणून दिलं, त्याला खोळ शिवून हवी होती. खोळ दोन दिवसांत तयार झाली, माणूस काही आला नाही. काकूंनी दोन वर्षं वाट पाहिली, रोज धूळ पुसली, आणि एक दिवस वैतागून पट्टे खांद्यात अडकवून भाता ओढला. जो आवाज निघाला त्याने शेजारचं बाळ दचकून रडायला लागलं. पण काकू हट्टी. वर्षभराने त्या घड्याळजींच्या माडीवर दर रविवारी सकाळी जमणाऱ्या मंडळात जाऊन बसल्या, त्या कायमच्याच.

मंडळ म्हणजे अकरा हौशी माणसं. घड्याळजी व्हायोलिन वाजवत आणि बाकीच्यांना रागावत. दातांची डॉक्टर बासरी वाजवायची. टपाल कचेरीत पाकिटांवर शिक्के मारणारा एक जण ढोलकं घेऊन बसायचा. दिवसभर एक ठोका शाईच्या गादीवर, एक पाकिटावर असं करून त्याचा हात असा पक्का झाला होता, की सगळे त्याला 'ठेका'च म्हणत. मंडळाला कुणी कार्यक्रमाला बोलावत नसे. एकदा बोलावलं होतं, पुन्हा नाही. पण रविवार कुणी चुकवत नसे.

मग एका मंगळवारी दुपारी नदी गल्लीत शिरली.

काकू औषधं, कागदपत्रं आणि मोठी कात्री पिशवीत घालून शाळेच्या वरच्या मजल्यावर गेल्या. कात्री का, असं तिथे कुणीतरी विचारलं. "हाताला सवय आहे तिची," त्या म्हणाल्या. पाणी दोन दिवस राहिलं. तिसऱ्या दिवशी ओसरलं आणि मागे गुडघाभर चिखल ठेवून गेलं. घरात जाऊन त्यांनी सगळ्यात आधी मशीनला हात लावला. ते जागच्या जागी उभं होतं, चिखलाने माखलेलं, चाक फिरत नव्हतं. अकॉर्डियन कपाटावर ठेवलं होतं, पण कपाटच आडवं झालं होतं.

त्या दिवशी मुलाचा फोन आला.

"आई, आता पुरे. इथे ये. पाऊस लागला की मला झोप येत नाही, खरं सांगतो. रात्रभर तुझी ती गल्ली डोळ्यांपुढे येते."

"मशीन वाळू दे. ते सुरू झालं तर माझं इथे भागतं."

"आणि नाही झालं तर?"

काकू मशीनच्या चाकावरचा चिखल बोटाने खरवडत राहिल्या. मुलगा म्हणाला, "महिन्याच्या शेवटच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो." मुलगा वाईट नव्हता, सूनही वाईट नव्हती. पण दुसऱ्याच्या घरात सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न काकूंना नदीपेक्षा मोठा वाटत होता. मशीन चाललं तर राहायचं, नाही तर जायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्या पुरानंतरच्या साथीच्या इंजेक्शनसाठी रांगेत उभ्या असताना मंडळाची माणसं फावडी घेऊन त्यांच्या घरी पोचली. मंडळातल्या चौघांची घरं बुडाली होती, आणि उरलेले सात जण रोज एकेक घर उपसत होते. काकू दुपारी परतल्या तेव्हा फरशी दिसत होती. भिंती पाण्याने धुतलेल्या. डॉक्टरणीच्या तळहातांना फोड आले होते, दात काढणाऱ्या हातांना फावड्याची काय सवय असणार! ठेका दारातच उभा होता, नखशिखांत चिखलात आणि खुशीत.

"काकू, अकॉर्डियन वाचलं! चादरीत गुंडाळून, दोघांनी धरून, जराही धक्का न लावता माडीवर नेलंय. एकही बटण हरवलं नाही, मोजून बघितली!"

काकूंनी पुढच्या खोलीत नजर टाकली. खिडकीखालचा कोपरा रिकामा होता.

"आणि बाकीचं?"

"बाकीचा सगळा गंज आणि लगदा. रस्त्यावर काढून ठेवला होता, आत्ताच ट्रक उचलून घेऊन गेला."

आता याला काय म्हणावं? सात शहाणी माणसं एका घरात शिरतात, वाद्य तान्ह्या बाळासारखं उचलून नेतात आणि जिच्यावर ते घर तीस वर्षं चाललं ती वस्तू कचऱ्यात टाकतात. दुसऱ्या कुणीही आधी मशीन उचललं असतं. पण या मंडळींना काकू ठाऊक होत्या त्या रविवारच्या, भाता ओढणाऱ्या. सोमवार ते शनिवार त्या काय करतात हे ऐकून माहीत होतं, एवढंच.

जिभेवर आलेले शब्द काकूंनी गिळले. समोर ते फोड आलेले हात होते, तो चिखलाने भरलेला चेहरा होता. "फार केलंत रे," त्या म्हणाल्या. मग मागच्या खोलीत जाऊन थोडा वेळ भिंतीला टेकून बसल्या. रडू आलं नाही. फक्त पायांना काही काम नाही हे जाणवत राहिलं.

पुढचे पंधरा दिवस घड्याळजींच्या माडीवर अकॉर्डियनचं ऑपरेशन चाललं होतं. भाता पंख्याखाली वाळला. आतल्या स्वरांच्या पट्ट्या एकेक करून निघाल्या, डॉक्टरणीने दातांच्या ब्रशने त्या घासल्या, घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून बसवल्या. शेवटचा रविवार आठवड्यावर आला, तेव्हा सगळे माडीवर जमले आणि अकॉर्डियन काकूंच्या मांडीवर ठेवलं गेलं. काकूंनी वाजवलं. सूर पूर्वीपेक्षा स्वच्छ होते. घड्याळजींनी चष्मा काढून पुसला आणि उगाच कुणालातरी रागावले.

"फक्त खांद्याचा पट्टा कुजलाय," डॉक्टरीण म्हणाली. "पण तो काय, काकूंना मशीनवर दोन मिनिटांचं काम."

"मशीन नाही आता," काकू म्हणाल्या.

"कुठे गेलं?"

"तुम्हीच टाकलंत ना बाई."

त्यात राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. पाऊस थांबला म्हणावं तशा त्या बोलून गेल्या. पण ठेक्याचा चेहरा पडला. घड्याळजी हळूच म्हणाले, "काकू, आणि हे आज सांगताय?"

"काय सांगणार? तुमचे हात बघितले, मग भीड पडली. आणि येत्या रविवारी मुलगा येतोय न्यायला. जायचंच आहे, तर कशाला कुणाला टोचणी लावा."

घड्याळजी उठले आणि त्यांनी चपला घातल्या. बाकीचे त्यांच्यामागे निघाले. "वाद्य ठेवा खाली," ते काकूंना म्हणाले, "तुम्हीही चला. आमचे डोळे काय कामाचे आहेत ते दिसलंच."

बसडेपोमागच्या मैदानात पुराचा कचरा टाकला होता. भंगारवाल्याने लोखंड वेगळं काढून ठेवलं होतं, त्यात शिलाई मशिनं सात. सातही काळी, सातही गंजलेली. मंडळाने कपाळाला हात लावला. काकू मात्र एकेक मशीन वाकून बघत गेल्या आणि पाचव्यापाशी थांबल्या. सुईशेजारची सरकती पट्टी फार वर्षांपूर्वी तुटली होती, तिच्या जागी त्यांनी बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून बसवला होता. चिखल पुसला तशी पत्र्यावर छापलेली अर्धी बिस्किटं दिसली.

"हे माझं," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा मात्र त्यांना रडू आलं. डॉक्टरीणही रडली. भंगारवाला चपापला आणि म्हणाला, "न्या हो, न्या."

मशीन थेट माडीवर चढवलं. दिवसा आपापली कामं आटोपून संध्याकाळी माणसं येत. रॉकेलच्या परातीत सुटे भाग भिजत होते, दातांचे ब्रश पुन्हा कामाला लागले. चाक फिरवणारा जुना चामडी पट्टा गळून गेला होता. ठेक्याने नवा आणला, तारेच्या कडीने स्वतः जोडला आणि चाकावर चढवला, प्रायश्चित्त म्हणूनच जणू. शुक्रवारी चाक फिरलं. शनिवारी काकूंनी सुईत दोरा ओवला आणि पायडल मारलं.

मशीन चाललं, पण टाके सुटत होते. थोडी शिवण सरळ यायची, मग एक टाका ढिला, पुन्हा सरळ, पुन्हा ढिला. असला गणवेश कोण घेणार? घड्याळजींनी सुई बदलली, खालच्या दोऱ्याचं शटल काढून पुन्हा बसवलं, भिंग लावून तासन्‌तास बघितलं. दोष सापडेना. शनिवारी अंधार पडायच्या सुमारास त्यांनी हात टेकले. काकूंनी त्यांना चहा करून दिला आणि घरी जाऊन दोन गाठोडी बांधली.

रविवारी सकाळी मुलगा टेम्पो घेऊन आला. पहाटे तीनला निघाला होता, डोळे लाल. घर बंद दिसलं म्हणून तो विचारत विचारत घड्याळजींच्या दुकानाशी आला. काकू माडीवर होत्या. गाठोडी जिन्याखाली ठेवली होती.

"आई, निघायचं ना?"

"एकदा शेवटचं बघते. तू बस जरा."

मुलगा बसला नाही. त्याने खाली उतरून एक गाठोडं उचललं. वर काकूंनी जुन्या पडद्याचा तुकडा सुईखाली सरकवला आणि पायडल मारलं. मंडळ भोवती उभं होतं, वाद्यं अजून खोळीतच होती.

ठेक्याने डोळे मिटले. बोटं मांडीवर चालू लागली.

"काकू, थांबू नका. चालू द्या." थोड्या वेळाने तो म्हणाला, "नवव्याला लंगडतंय. दर नवव्या ठोक्याला. आठ बरोबर, नववा अडखळतो."

"नवव्याला?" घड्याळजी म्हणाले. "मशीनच्या या डोक्यात नऊ फेऱ्यांनी एकदा फिरणारं काहीच नाही. सुई दर फेरीला खाली जाते, शटल दर फेरीला." ते मध्येच थांबले. मग जमिनीवर बसले आणि त्यांनी पट्ट्यावर बोट ठेवलं. "काकू, सावकाश." पट्टा सरकत गेला. सुई नऊ वेळा खालीवर झाली तेव्हा पट्टा एकदा पुरा फिरून आला होता, आणि ठेक्याने घातलेली तारेची जाड कडी चाकाच्या खाचेत आपटून पुढे गेली. तेवढ्यात चाक कचरलं आणि टाका सुटला.

"म्हणजे दोष मशीनचा नाहीच," घड्याळजी म्हणाले.

"माझा आहे," ठेका म्हणाला. "दुसऱ्यांदा."

कुणी हसलं नाही, पण डॉक्टरणीला हसू आवरणं फार जड गेलं. कडी काढली. पट्ट्याची टोकं तासून पातळ केली आणि बारीक तारेने शिवली. तो टाका मात्र काकूंनी स्वतः घातला. मग त्यांनी पुन्हा पायडल मारलं. सगळे खाली वाकून शिवणीकडे बघत होते.

जिन्यातून आवाज आला, "आता बरोबर आहे."

मुलगा अर्ध्या जिन्यात उभा होता, गाठोडं छातीशी धरून. त्याला शिवण दिसत नव्हती. "लहानपणी रोज हेच ऐकत झोपायचो मी," तो म्हणाला. "मघाशी खालून ऐकलं तेव्हा चुकत होतं. आता बरोबर आहे."

"मशीन इथेच राहील," घड्याळजी त्याला म्हणाले. "रविवार सोडला तर माडी रिकामीच असते. काकूंनी इथे शिवावं, आणि पाऊस वाढला की इथेच झोपावं, खाट लावतो. पाणी या माडीपर्यंत आलं, तर तुमच्या शहराचंही काही खरं नाही."

मुलाने आईकडे बघितलं. काकूंनी पाय थांबवला नाही. "मला इथे राहायचंय रे," त्या एवढंच म्हणाल्या.

तो वर आला. गाठोडं भिंतीशी ठेवून त्याला टेकून बसला. खाली टेम्पो उभा होता, त्याचं काय करायचं याचा तो विचार करत असावा. काकू पडद्याच्या तुकड्यावर शिवण घालत राहिल्या. दहा मिनिटांनी डॉक्टरणीने खुणेने दाखवलं. मुलाची मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं.

"मग आज तालीम?" ठेक्याने हळू आवाजात विचारलं.

काकूंनी पाय थांबवला. मुलगा चुळबुळला, कपाळाला आठी पडली. त्यांनी घाईने पुन्हा पायडल मारलं आणि आठी गेली.

"आज नाही," त्या म्हणाल्या. "आज त्याला झोपू दे."

तुकड्यावर आता शिवायला जागा उरली नव्हती. काकू त्याच शिवणीवरून पुन्हा गेल्या, मग पुन्हा. अकरातले दहा जण आपापल्या वाद्यांशी तसेच बसून राहिले.