बायकांच्या गोळ्या

"कागदात गुंडाळू नको. औषध हाय, चोरी नाय." काउंटरवर पंजा पसरून तालमीचे वस्ताद म्हणायचे.

बायकांची वस्तू आम्ही दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळून देतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. क्रांती चौकाजवळच्या त्या औषधांच्या दुकानात मी नवा होतो. वस्तादांच्या गोळ्याही सवयीनं गुंडाळायचो. इस्ट्रोजेनच्या होत्या, म्हणजे बायकांच्या शरीरातलं हार्मोन, आणि डोस मोठा. वस्तादांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता, हाडांपर्यंत पोचलेला. तेव्हा त्यावर हेच देत.

"डॉक्टर म्हणला, छाती बाईवानी व्हईल. म्हणलं, होऊ दे. चालता येईल ना?"

आलं. महिन्याभरात काठी सुटली. छातीही भरली. आखाड्याच्या कडेला जन्मभर उघड्या अंगानं बसलेला हा माणूस दुकानात लाजत नसे, पण चेल्यांपुढं सदरा घालून बसू लागला.

माझी पन्नाशी ओलांडली, आता लिहितोच. एका दुपारी चहाच्या टपरीवर मी बोललो, "वस्ताद बायकांच्या गोळ्या खातात." नुसतं हसवायला. लोक हसले, मीही हसलो. दिवस मावळायच्या आत ते तालमीत पोचलं.

दुसऱ्या दिवशी वस्ताद दुकानात आले. "तुला औषधातलं कळतं. तालमीत चल आन् त्यांना नीट समजावून सांग."

गेलो. दहा-बारा पैलवान माझ्याकडं बघत उभे. माझं तोंडच उघडेना. वस्तादांनी जरा वाट पाहिली, मग सदरा काढून बाजूला टाकला.

"बघा नीट. ही छाती बायकांच्या गोळ्यांनी आलीय. त्यांनीच मला उभा ठेवलाय. आता सदरा घालनार नाय. ज्याला हसायचं त्यानं लंगोट कसून मातीत यावं."

कुणी आलं नाही.

"मंग बैठका मारा की. लई बघून झालं."

पुढं दोन वर्षं ते तसेच उघडे बसले. मग पायात रक्ताची गुठळी झाली. या औषधात तो धोका असतोच. ती वर सरकली आणि वस्ताद गेले. दोन वर्षं मी त्यांना गोळ्या दिल्या, पण कबुलीचं एक वाक्य बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी तालमीत जाऊन म्हणालो, "टपरीवर मीच बोललो होतो."

थोरला पैलवान माती उकरत होता. हात न थांबवता म्हणाला, "ठावं हाय. वस्तादांनी तवाच सांगितलं व्हतं. म्हणले, त्याला हात लावायचा नाय, माझ्या गोळ्या त्याच्याकडंच मिळत्यात."