साडेतीनशेवर चाळीस मिनिटं

फॅरेनहाइटचं सेल्सिअस करायचं असेल तर त्यातून बत्तीस वजा करायचे, उरेल त्याला पाचाने गुणायचं आणि नवाने भागायचं. दरवर्षी आठवीच्या वर्गाकडून मी हे घोकून घेत असे. घरात एकीने विचारलं तेव्हा मात्र सांगितलं नाही.

विचारणारी माझी धाकटी जाऊ. दोन हजार चार-पाचची गोष्ट. ती गोंदिया शहरातली, रेल्वे क्वार्टरांच्या मागे वाढलेली, बोलताना निम्मं हिंदी. आमचं गाव अर्जुनीकडचं, इटियाडोह धरणाच्या नहरावरचं, धानाचं. लग्नात तिच्या मामाने तिला विजेचा ओव्हन दिला होता. पुढे काच, बाजूला तापमानाचं गोल बटण. बटणाभोवती आकडे होते शंभर, दीडशे, दोनशे, अडीचशे. तिथे बटण संपायचं. सोबत तिने एक वही आणली होती, शेजारणीच्या जुन्या विलायती पुस्तकावरून उतरवून घेतलेली. तीत प्रत्येक केकखाली लिहिलं होतं, ३५० वर ४० मिनिटं. साडेतीनशे कशाचे, ते उतरवायचं राहून गेलं होतं. शेजारीण बदली होऊन निघून गेली होती, त्यामुळे विचारायची सोय नव्हती.

आता रोवणीचं, म्हणजे धानाच्या लावणीचं, सांगते, कारण सगळं तिथूनच आलं. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत घरच्या एका बाईला बांधीवर, धानाच्या पाणी भरलेल्या वाफ्यावर, उभं राहावं लागतं. मजूर बायांना पऱ्ह्याच्या रोपांच्या पेंढ्या पुरवायच्या, चहा द्यायचा, एखादी बाई कमी पडली की लुगडं खोचून आपणही वाकायचं. घरची बाई धुऱ्यावर, बांधावर उभी नसली तर रोवणी लांबते, असं माझी सासू म्हणायची, आणि ते खरं होतं. तिचे गुडघे गेले. मी शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून मी सुटले. काम धाकटीच्या गळ्यात पडलं. पहिल्याच वर्षी तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. रात्रंदिवस पाय खाजवत बसायची. शहरातली पोर, चिखल तिला सहन होत नव्हता.

दुसऱ्या वर्षीची रोवणी तोंडावर आली तेव्हा ती सासूकडे गेली. अर्जुनीच्या डॉक्टरीणबाईंना मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला केक हवा होता, आणि हिने करून देते म्हणून सांगून टाकलं होतं. आता केकचं काम करू द्या, चिखलात पाठवू नका, एवढंच तिचं मागणं.

सासू म्हणाली, "एक केक धड करून दाखव. डॉक्टरीणीनं चांगला म्हटला तर नको जाऊ रोवणीले. नाही जमला तर हा विजेचा डबा धानाच्या कोठीवर चढवून देतो, अन् तू जलमभर पेंढ्या वाटत बसजो."

"मग बांधीवर कोण?" मी विचारलं.

"तू. शाळेले काय, सुट्या असतेच."

ते बोलणं तिथेच संपलं. माझं डोकं मात्र तिथून पुढे चालू झालं.

दुसऱ्या दिवशी धाकटी वही घेऊन आली. "दीदी, ये साडेतीनशे कुठून आणू? यात तर अडीचशेवर खतम होते."

मी वांगी चिरत होते. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हिशेब झाला होता. एकशे सत्याहत्तर. विलायती पुस्तक आहे म्हणजे फॅरेनहाइट, हे कुणाही विज्ञानाच्या मास्तरणीला झोपेत कळलं असतं.

"शेवटपर्यंत फिरव," मी म्हणाले. "तरी कमीच पडेल. वेळ थोडा वाढव."

ती खुश होऊन गेली.

पहिला केक वरून कोळसा आणि आतून खिरीसारखा निघाला. सासूने तो परातीत घालून बैलापुढे ठेवला. बैलाने हुंगलं आणि मान फिरवली. "पाहा वो माय, ढोरालेही समजते," सासू म्हणाली. अंगणातले सगळे हसले. मीही हसले.

दुसऱ्या केकच्या वेळी मी सांगितलं, सोडा जास्त झाला असेल. तिने सोडा कमी केला. केक करपलाच, वर विटेसारखा कडक झाला. तिसऱ्याच्या वेळी अर्ध्यात वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते, चार तास वीज येणार नव्हती. चौथ्या वेळी ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "दीदी, मले वाटते आच जास्त होऊन राहिली. तवा लई तापला का भाकरीचं असंच होते, वरून काळी अन् आतून कच्ची."

बरोबर बोलत होती. चूल पेटवणाऱ्या कुणालाही हे दिसलं असतं, आणि तिला ते पहिल्या केकलाच दिसलं होतं. पण घरात बी.एस्सी. झालेली मी एकटीच होते.

"तू सायन्स शिकलीस का?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

ती परत गेली आणि बटण पुन्हा शेवटपर्यंत फिरवलं. आमच्या भागात शिकलेल्या माणसाचं असं वजन असतं. स्वतःचा हात सांगतो ते खोटं आणि मास्तरणीचं खरं. मला हे पक्कं माहीत होतं, आणि मी त्याच भरवशावर होते.

चौथाही करपला. सासू म्हणाली, "मामानं ओव्हन देला, अक्कल द्याची राहून गेली." वाढदिवस मंगळवारी होता. सासूने कोठीवर जागा करून ठेवायला सांगितली.

रविवारी दुपारी धाकटी ओव्हनपुढे बसून केकच्या टिनाचा काळा थर सुरीने खरवडत होती. रडत नव्हती, रडणारी बाई नव्हतीच ती. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती, माझ्याच वर्गात. ती काकूजवळ बसली आणि वही चाळू लागली. मी आतल्या खोलीत चाचणीचे पेपर तपासत होते. दार उघडं होतं.

"काकू, हे फॅरेनहाइट असेल," मुलगी म्हणाली. "आपला ओव्हन सेल्सिअसचा आहे. मम्मीनं मागच्याच आठवड्यात शिकवलं. थांब, करून देते."

कागदावर पेन्सिल वाजली. तीनशे पन्नास वजा बत्तीस, तीनशे अठरा. गुणिले पाच, एक हजार पाचशे नव्वद. भागिले नऊ.

"एकशे शहात्तर पॉइंट सहा," तिने ओरडून विचारलं. "मम्मी, बरोबर आहे ना?"

लाल पेन माझ्या हातात होतं. "बरोबर," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

बाहेर सुरी थांबली होती. मग खरवडण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

बटणावर एकशे शहात्तर नव्हतं. दीडशे आणि दोनशेच्या मध्ये कोरी जागा होती, आणि ओव्हन स्वस्तातला, त्याच्या आकड्यांचा भरवसा नाही. धाकटीने ताटलीत चिमूट चिमूट पोहे घालून आत ठेवायला सुरुवात केली. बटण जरासं हलवायची, पोहे बघायची, फेकायची, दुसरे ठेवायची. काळे नाही, पांढरेही नाही, चिवड्याच्या रंगाचे पोहे जिथे निघाले तिथे तिने लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. मग वीज गेली, ती संध्याकाळी आल्यावर पाचवा केक लावला. तो फुगला. त्याचा वास माझ्या खोलीपर्यंत आला. मी पेपर तपासत राहिले.

सोमवारी सकाळी नळावर भांडी घासताना तिने मला गाठलं.

"दीदी, तुम्हाले मालूम होतं."

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"काऊन?"

"मला चिखलात जायचं नव्हतं."

ती हसली, आणि ते हसू काही बरं नव्हतं. "मलेही नव्हतं जायचं, दीदी. मी तर जाऊन आली." तिने कढई पालथी घातली. "आईले मी नाही सांगत. तुम्हीच सांगा, रोवणी मी पाहीन म्हणून. याच वर्षी नाही, दरवर्षी. अन् नाही सांगितलं, तर तो कागद आईपुढे ठेवीन. गणित तुमच्या पोरीच्या हातचं आहे. तिलेच वाचाले लावीन, मम्मीनं कधी शिकवलं तेही तिच्याच तोंडून."

मी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलून निसटता आलं असतं तर मी निसटले असते. पोरीला मध्ये घातल्यावर वाट उरली नव्हती. तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, कदाचित अजून लवकर.

केक मंगळवारी अर्जुनीला गेला. डॉक्टरीणबाईंनी डबा परत पाठवताना अजून दोन घरांचे केकसाठी निरोप पाठवले. रात्री जेवताना मी सासूला म्हणाले, यंदापासून दरवर्षी बांधीवर मी जाईन.

"मोठीले दया आली," सासू म्हणाली. "सूर्य कोणीकडून निंगाला आज?"

धाकटी वाढत होती. तिने माझ्या ताटात भात जरा जास्तच घातला.

मुलीने एकदाच विचारलं, "तुला येत होतं, तर काकूला सांगितलं का नाही?" मी म्हणाले, विसरले. "वर्गात तर तू काहीच विसरत नाहीस," ती म्हणाली आणि दप्तर भरू लागली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही, आणि गणित अडलं तरी माझ्याकडे यायचं बंद केलं. काकूकडे बसून सोडवायची.

आषाढात मी रजा टाकून धुऱ्यावर उभी राहिले. पहिल्याच दिवशी एक बाई नाही आली आणि मला बांधीत उतरावं लागलं. "मास्तरीणबाई, रेघ वाकडी होऊन राहिली जी! पट्टी नाही आणली का शाळेतून?" बाया खिदळत होत्या. आठवडाभरात माझ्या बोटांच्या बेचक्याही पांढऱ्या पडल्या. धाकटीने न विचारता मलमाची नळी माझ्या उशाशी ठेवली. ती तिचीच होती, गेल्या वर्षीची, तळाशी थोडं उरलेली.

दुपारच्या चहासोबत घरून एक डबा यायचा. त्यात केकच्या कडा असायच्या, चौकोन नीट कापून घेतल्यावर उरलेल्या, जरा जास्त भाजलेल्या. बाया त्यावर तुटून पडायच्या. "कोणं केलं जी हे?" "धाकटीनं," मी सांगायची.

अशा सहा रोवण्या मी केल्या, जमिनीची वाटणी होईपर्यंत. तिसऱ्या वर्षी मी तिला विचारलं होतं, एखादा मधला तुकडा का पाठवत नाहीस?

"मधला गिऱ्हाइकाले जाते, दीदी," ती म्हणाली. "बांधीवर कडाच जाते."

कडा चवीला चांगल्या असायच्या, खमंग. खाऊन झालं की मी नहरात हात धुवायची आणि पेंढ्या वाटायला उठायची.