टेबलाखालचा पाठ

तंजावरच्या एका शाळेत मी विशेष मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिकांच्या प्रात्यक्षिक परीक्षेला परीक्षक म्हणून गेले होते. शेवटचा पाठ त्याच शाळेतल्या आयाचा होता. माझ्या कागदावर तिचा फक्त परीक्षा क्रमांक होता. अकरा वर्षं मुलांना भरवणारी, त्यांना बाथरूमला नेणारी ही बाई शाळेच्या मदतीनं शिक्षिकेचा कोर्स करत होती, एवढं मला तिथं कळलं होतं. तिचा जेवणाचा डबा न उघडता तसाच पडला होता आणि हात कोरडे असूनही ती ते सारखे पदराला पुसत होती.

पाठ सुरू होताच तिची सात वर्षांची विद्यार्थिनी कान झाकून टेबलाखाली शिरली. माझे सहपरीक्षक तमिळमध्ये म्हणाले, "तिला बाहेर काढा."

बाई क्षणभर घुटमळली. मग तिनं करकरणारा पंखा बंद केला, साडी आवरली आणि स्वतःच टेबलाखाली जाऊन बसली. एकेक चिंचोका मोजत ती मुलीपुढं ठेवू लागली. आम्ही दोघं वाकून पाहत होतो. बऱ्याच वेळानं मुलीनं कानावरचा एक हात काढला आणि चौथा चिंचोका स्वतः ठेवला.

पाठ संपल्यावर बाई मला हळूच म्हणाली, "मॅडम, हिला मीच कितीदा ओढून बाहेर काढलंय. पंख्याच्या आवाजाचा तिला त्रास होतो, हे मला कोर्समध्ये कळलं."

मी धास्तीनं सहपरीक्षकांच्या कागदाकडं पाहिलं. त्यांनी माझ्यापेक्षाही जास्त गुण दिले होते. माझा जीव भांड्यात पडला.

निकाल सांगायची परवानगी नव्हती. तरी निघताना मी तिला म्हटलं, "अम्मा, आता निवांत जेवा."