चाळिसावी हजेरी

देवराव गुरुजी गेल्याचं त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून कितीतरी वेळ बसून राहिलो... जलदान विधीला गेलो तेव्हा लोक म्हणाले, चार शब्द बोला. मी नको म्हणालो. जे सांगायचं होतं ते मंडपात सांगण्यासारखं नव्हतं.

आम्ही एका बाकावर शिकलो. एकोणीसशे साठच्या दशकात तो फुलसावंगीच्या पुढल्या एका लहान गावात मास्तर झाला, मी तालुक्याच्या कचेरीत कारकून. त्याची शाळा मारुतीच्या देवळात भरे. बौद्ध झालेल्या घरांतली पोरं खाली निंबाच्या सावलीत बसत; आधी त्यांना वर येऊ देत नसत, आणि आता देव सोडल्यामुळे त्यांचे आईबापच वर पाठवत नसत. देवराव त्याच वस्तीतला. मधल्या पायरीवर उभा राहून तो दोन्हीकडे शिकवायचा आणि संध्याकाळपर्यंत घसा बसवून घ्यायचा. सगळी पोरं एका छपराखाली यावीत, एवढंच त्याला हवं होतं.

सरकारी खोली मिळायची रीत मला पाठ होती, कारण त्या फायली मीच बांधायचो. गावाने जागेचं दानपत्र द्यायचं, पाया श्रमदानाने खणायचा आणि तपासणीला आलेल्या साहेबांसमोर चाळीस पोरं हजर दाखवायची. एक कमी पडलं की खोली दुसऱ्या गावाला, मग पुन्हा नंबर लागेपर्यंत पोरांची पोरं शाळेत यायची. देवरावच्या पटावर बरोबर चाळीस नावं होती. पाया खणून झाला, अर्ज गेला, आणि त्याच पावसाळ्यात गावात पटकी आली. पाच पोरं गेली.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी मी पट पाहिला. पाचही नावं तशीच.

"काटली काहून नाही बे?" मी चिडून विचारलं.

"हात नाही उठत," तो म्हणाला. "उद्या मीच सांगतो साहेबाले. गेली तर गेली खोली."

दुसऱ्या दिवशी त्याने तोंड उघडायच्या आत साहेबांनी पट पुढे ओढून नावं वाचायला सुरुवात केली. मी शेजारी बसून हजेरीच्या रेघा मारत होतो. गेलेल्या पोरांतलं पहिलं नाव आलं. देवराव डोळे मिटून उभा होता. तेवढ्यात देवळाच्या भिंतीमागून बारीक आवाज आला, "हजर." साहेब थांबले, पण वर न पाहता त्यांनी पुढचं नाव घेतलं. पाचही नावांना हजर आलं. मी चाळीस रेघा मोजल्या, साहेबांनी सही केली. नंतर भिंतीमागे गेलो, तर तोंडात पदर कोंबून बाया उभ्या होत्या, गेलेल्या पोरांच्या आया. देवरावने त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्या आपल्याच मनाने आल्या होत्या.

खोली झाली. मला त्या खोट्या रेघांची लाज कधी वाटली नाही, आजही वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याला शेवटचा भेटलो. बोलता बोलता तो एकदम म्हणाला, "तुले सांगतलं नाही आजवर. भितीमागं बाया चारच होत्या."

"पाच नावं होती ना?"

"त्या पाचातली सुभद्री, तिची माय तिच्या आधीच गेलती. मामाच्या घरी राहे ते, तिथं बाईमाणूस नव्हतं. तिचं हजर भितीमागून नाही आलं... खाली निंबापाशी बसलेल्या पोट्ट्यायच्या रांगेतून आलं. मले वाटे, मीच एकटा ऐकून राह्यलो. तुह्या कागदावर चाळीस पाहिले, तवा समजलं."

एखाद्या पोराने तिच्या नावाला ओ दिली असेल, असं मी म्हटलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. एकेकाला विचारून झालं होतं त्याचं.

जलदान विधीनंतर मी त्या खोलीत गेलो. शाळा भरलेली होती. दोन्ही वस्त्यांची पोरं सतरंजीवर खेटून बसली होती, फक्त खिडकीपाशी एका पोरापुरती जागा रिकामी. नव्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, "गुरुजी थकले तरी रोज येऊन पाहायचे, तिथं कोणी बसलं तर नाही. का ते सांगितलं नाही कधी." मला कारण माहीत होतं. सुभद्री नसती, तर त्या दिवशी एकोणचाळीसच भरले असते. मला खिडकीपर्यंत जायचं होतं. तिच्या त्या रिकाम्या जागेवर पाय ठेववेना, म्हणून भिंतीच्या कडेने वळसा घालून गेलो.