इनॉककाकांनी घेतलेलं माप

१८१९ सालच्या ऑगस्टची नऊ तारीख. केझाया पेंडरग्रासने माझ्या दुकानात साडेअकरा डॉलर भरले. थोडे रोख, बाकीचे मेण आणि जिनसेंग या औषधी झाडाची वाळवलेली मुळं धरून. टेनेसीच्या आमच्या डोंगरात बंदुका घडवणाऱ्या इनॉक लेडफर्डच्या बंदुकीचे पैसे दुकानातच जमा होत. केझायाचा नवरा मार्चमध्ये वारला होता आणि त्याच्या बंदुकीची नळी त्याआधीच फुटली होती. हिवाळ्यापूर्वी हरणाचं मांस खारवून ठेवायचं, तर ऑक्टोबरच्या आत बंदूक हवी होती. ती मेण तोलून देत होती तेवढ्यात तिचा भाऊ एसाहेल वर इनॉककाकांच्या भट्टीवर बंदुकीचा निरोप सांगायला गेला.

इनॉककाका चाळीस वर्षं एकाच प्रकारची बंदूक करत आले. पितळ नाही, नक्षी नाही. दस्त्यात, गोळीच्या चिंधीला लावायची चरबी ठेवायला बोटभर खड्डा. चकमकीचा घोडा तेवढा शहरातून येई. नळीसाठी लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती वळवायची आणि दोन-दोन बोटं जोडत जायचं, यात आठवडा जाई. मग नळीत पीळदार खाचा पाडायच्या. शेवटी नळी टिकते का पाहायला ती ओंडक्याला बांधून, दुप्पट दारू ठासून, झाडाआडून बार काढायचा. दस्ता मात्र माणसाच्या मापाचा. कोपरापासून बोटापर्यंत काठी धरून ते तिच्यावर मापाची खाच पाडत.

सत्तावीस सप्टेंबरला केझाया बंदूक न्यायला आली. बंदुकीच्या दारूचा डबा पोचवायला मीही वर भट्टीवर गेलो होतो. मालकाने तीन बार काढल्याशिवाय काका बंदूक देत नसत. तिने बंदूक उचलली, तर दस्ता काखेत शिरला आणि बोट चापापर्यंत पोचेना.

"काका, कुणाचं माप घेतलंत?"

"एसाहेलचं. तोच आला होता ना!"

"एसाहेल? अहो, अस्वल समजून माझी डुकरीण मारली त्यानं! ते एक सोडलं तर आजवर त्याचा नेम कशालाच लागला नाही."

"मला वाटलं, घरातला पुरुष..."

"घरातला पुरुष पुरला मी मार्चमध्ये. बंदूक मी चालवणार."

काकांनी कोपऱ्यातली लाकडं चाळून पाहिली. मग म्हणाले, "नव्या दस्त्याला लाकूड वाळलेलं नाही. नाताळ उजाडेल."

"आणि तोवर चार पोरांना भुसा चारू?"

काकांनी दस्त्याच्या टोकाची, खांद्याला टेकणारी लोखंडी पट्टी उतरवली, करवत घेतली आणि दस्ता मागून दोन बोटं कापला. पण दस्ता मागच्या टोकाकडे रुंद होत जातो; कापल्यावर टोक लहान झालं आणि पट्टी परत लावून पाहिली तर ती चारी बाजूंनी बाहेर आली.

"नवी पट्टी घडवायला दोन दिवस लागतील," काका म्हणाले.

"राहू द्या. अशीच नेते."

"माझी बंदूक बिनपट्टीची कधी गेली नाही, बाई."

"मग आज जाईल."

त्यांनी कडा कानशीने गोल केल्या, तेल चोळलं. केझायाचा पहिला बार निशाणाच्या फळीच्या डावीकडून गेला. दुसरा आणि तिसरा फळीत, एकमेकांपासून तळहाताच्या अंतरावर. काकांनी फळी जवळ जाऊन पाहिली आणि मान हलवली.

सहा ऑक्टोबरला केझायाने पहिलं हरीण मारलं. त्यानंतर ती खाली आलेली नाही. किमतीत धरलेल्या, पण न बसवलेल्या पट्टीचे साठ सेंट इनॉककाका तिला अजून देणं लागतात.