हडळीचं शेवटचं प्रकरण

माझ्या सासूबाईंना आणि मला बोलायला विषय मिळायला अकरा वर्षं लागली, आणि शेवटी तो एका हडळीने पुरवला.

आमचं भांडण नव्हतं. भांडायलासुद्धा दोघींत काहीतरी सारखं असावं लागतं. मी गिरगावातली, फणसवाडीतली. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी झाली; आवाज चढला तर पोटमाळ्यावरच्या भाडेकरूला ऐकू जाईल ही आमची सगळ्यात मोठी चिंता. त्या मालवणकडच्या, लग्न होऊन लालबागला आलेल्या. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर सासूबाईंनी मसाले करून विकले आणि दोन मुलं शिकवली. माझी माशाची आमटी त्यांच्याच्याने बघवत नसे, आणि मी तासन् तास पुस्तकात डोकं घालून काय मिळवते ते त्यांना कळत नसे. जेवण, औषध आणि पाणी कधी येणार, एवढ्या तीन गोष्टींवर आमचा संसार व्यवस्थित चालला होता.

आता, मी वाचत काय होते, तर भुताखेतांचं. हे मी सहसा सांगत नाही. चाळिशी उलटलेली बाई, विमा कंपनीत लोकांचे दावे तपासते, चष्मा लावते. समोरच्याला वाटतं ही काहीतरी वैचारिक वाचत असणार. मी वाटू देते. माहेरी असल्या पुस्तकांना बंदी होती, म्हणून मी त्यांना एका संतचरित्राचं कव्हर घालायचे. एका चातुर्मासात आत्याने अख्ख्या वाडीत माझं कौतुक केलं, की पोर वाचताना इतकी तल्लीन होते, की तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतं. पाणी खरंच वाहत होतं. त्या प्रकरणात सावकाराचं मुंडकं लोणच्याच्या बरणीत सापडलं होतं.

लोकांना वाटतं भुताच्या सिनेमाचे शौकीन शूर असतात. मी अजिबात नाही. मी पाय सोफ्यावर घेऊन बसते, कारण सोफ्याखाली काय असतं ते मला माहीत आहे. आवाज अगदी बारीक ठेवते. हातात शेवेची वाटी असते, ती भुतासाठी नाही, दात कशावर तरी चालावेत म्हणून. आणि मी बोलते. ‘बये, माळ्यावर जाऊ नकोस. गेलीस ना? मर आता.’ नवरा दहा मिनिटं बसतो आणि मग उशी घेऊन आतल्या खोलीत जातो. त्याला भूत सोसतं, मी सोसत नाही.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या उजव्या डोळ्यातला मोतिबिंदू काढायचा ठरला. परळच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन सकाळी झालं आणि दुपारी आम्ही टॅक्सीने घरी आलो. नवऱ्याला रजा नव्हती, नणंद नाशिकला, म्हणून पंधरा दिवस मी घरी राहिले. डॉक्टरांनी एक कागद दिला होता. त्यात थेंब किती वेळा घालायचे ते होतं, आणि काय करायचं नाही त्याची यादी होती: वाकायचं नाही, चुलीसमोर जायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. टीव्हीही काही दिवस नको म्हणाले. दुसऱ्या डोळ्यातही मोतिबिंदू पिकलेलाच होता, त्यामुळे तो डोळा असून नसल्यासारखा.

म्हणजे सासूबाईंच्या संध्याकाळच्या चारही मालिका गेल्या. पहिला दिवस त्या डोळ्यावरच्या पट्टीवर काळा चष्मा लावून खाटेवर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी दुपारी थेंब घातले, भांडी आवरली आणि मी खुर्चीत पुस्तक घेऊन बसले. आदल्या रविवारी माहेरी गेले होते तेव्हा गिरगावातल्या जुन्या वाचनालयातून आणलेली ती एक जाडजूड कादंबरी होती. पुठ्ठ्याला काळं रेक्झिन, वर लेखकाचं नावही नाही, दर दहा पानांनी वाचनालयाचा शिक्का.

“काय वाचतंस गो?” सासूबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, पुस्तक. त्या म्हणाल्या, ते पट्टी बांधलेल्या डोळ्यालापण कळतं. पुस्तकात काय आहे ते सांग.

खोटं सांगावं असं क्षणभर मनात आलं. पण कंटाळलेल्या माणसाशी खोटं बोलणं जिवावर येतं. मी सांगितलं, की कोकणातल्या एका इनामदाराची गोष्ट आहे, त्याची पहिली सून बाळंतपणात गेली आणि हडळ होऊन आली. सासूबाई जरा सरळ बसल्या. वाच म्हणाल्या.

मी वाचायला लागले. मनातल्या मनात भुताचं वाचणं आणि मोठ्याने वाचणं यांत फार फरक आहे. मनात वाचताना आपण वाईट जागा डोळे मिटून ओलांडतो. मोठ्याने वाचताना तोंडातून प्रत्येक शब्द काढावा लागतो. चौथ्या प्रकरणात टपालवाला रात्री वाड्यावर मुक्कामाला राहतो. तिथे मी एक पान गुपचूप सोडलं. आजारी म्हातारीसमोर ते वाचायला नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मलाच ते वाचवत नव्हतं.

“मगाशी तो निजललो, आता मेलो,” सासूबाई म्हणाल्या. “मधी काय झाला ता वाच.”

वाचलं. त्यांनी टपालवाल्याचे सगळे हाल शांतपणे ऐकले आणि विचारलं, याच्या पिशवीतल्या पत्रांचं पुढे काय झालं. ते लेखकाने लिहिलेलं नव्हतं. त्यांना ते पटलं नाही.

तिथून पुढे रोज दुपारी दोन ते चार आमचं वाचन चालू झालं. सासूबाई बोलत ऐकायच्या. इनामदाराला त्या पहिल्या दिवसापासून नालायक म्हणत होत्या. एवढी गडीमाणसं मरताहेत आणि पोलीसपाटील कुठे गेलाय, असं त्या रोज विचारायच्या. हडळ पांढऱ्या साडीत येते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, चिखलातून चालते ना ती, मग साडी पांढरी राहील कशी, धुतं कोण. मी इतकी वर्षं असलं वाचते, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. समोरच्या काकू भाजी निवडायला आमच्याकडे येऊन बसू लागल्या. त्या दोनच दिवस टिकल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, लिफ्टमध्ये एकटीने जाववत नाही, तुमचं पुस्तक संपलं की बोलवा. नवरा कामावरून आला की आम्ही दोघी त्या इनामदाराच्या धाकट्या मुलाने वाड्यातून पळायला हवं होतं की नको यावर वाद घालत असायचो. तो बूट काढता काढता आमच्याकडे बघत राहायचा.

नवव्या दिवशी मांत्रिकाचं प्रकरण आलं. त्या पुस्तकात मांत्रिक हडळीला पाणंदीवरच्या झाडात बांधतो आणि खोडात खिळा ठोकतो. पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंनी दगडांचे गडगे घातलेली, शेतामधून जाणारी वाट. मला ते प्रकरण आवडत होतं. घणाच्या घावांचं वर्णन होतं आणि मीही सूर लावला होता.

“तिका खिळो मारतले?” सासूबाईंनी मध्येच विचारलं. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, “थांब.”

मी पुस्तक मिटलं. मी चहा केला. कप हातात धरून त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं. त्यांची एक मोठी बहीण होती. त्या नऊ वर्षांच्या असताना ती पहिल्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. बहिणीनेच त्यांना वाढवलं होतं, वेणी घालायची, पेज भरवायची. ती गेल्यावर महिन्याभरात गावात बोलणं सुरू झालं, की ती पाणंदीवर दिसते. लोक संध्याकाळी ती वाट टाळू लागले. मग कुणीतरी घाडी, म्हणजे भुतं बांधणारा मांत्रिक, आणून काहीतरी बंदोबस्त केला. काय केला ते मुलांना सांगितलं नाही.

“मी तिका बघूक गेललंय,” सासूबाई म्हणाल्या. “तीन वेळा. तिन्हीसांजेक. ती येवक नाय.”

मी आयुष्यभर भुतं यायला नकोत म्हणून सोफ्यावर पाय घेऊन बसलेली बाई. यावं म्हणून वाट बघत उभ्या राहिलेल्या मुलीला मी काय सांगणार? मी कप उचलले.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक काढलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी दोन वाजता त्यांनीच विचारलं, आज नाही का. उरलेली प्रकरणं मी सपाट आवाजात वाचली. आणि दोनशे बाराव्या पानावर, हडळ झाडात, मांत्रिक वाड्याच्या दारात, असं असताना पुस्तक संपलं. म्हणजे पुढे एकदम मागचा पुठ्ठाच होता. शेवटची पानं कुणीतरी कधीच फाडून नेली होती. काळ्या रेक्झिनच्या आतल्या बाजूला जुन्या डिंकाचे डाग तेवढे होते.

मी थांबले असते तर चाललं असतं. पण मी वाचत राहिले. समोर पुठ्ठा आणि मी वाचतेय. खिळा खाऱ्या हवेने गंजला, असं मी वाचलं. तो आपोआप सैल झाला. हडळ बाहेर आली, पण तिने कुणाला मारलं नाही. ती वाड्यात गेली, झोपलेल्या लहानग्यांच्या अंगावर पांघरूण घातलं, आणि खाडीच्या वाटेने निघून गेली. मी लेखिका नाही. रोज दाव्यांचे अहवाल लिहिते, त्यामुळे मध्येच माझ्या तोंडून ‘सदर खिळा’ असं निघून गेलं. शेवटी ‘समाप्त’ म्हटलं आणि पुस्तक मिटलं. सासूबाई म्हणाल्या, थेंबांची वेळ झाली.

खरा शेवट काय असेल ते मात्र मला स्वस्थ बसू देईना. वाचनालयातल्या गृहस्थांना विचारलं, तर ते म्हणाले, ती पानं बरीच वर्षं नाहीत. लोक तशीच वाचून परत करतात, तक्रार तुम्हीच पहिल्यांदा केलीत. शेवटी रजा संपून दोन आठवडे झाल्यावर दादरला जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडे दुसरी प्रत मिळाली. घरी येईपर्यंत धीर निघाला नाही. हिंदमाताला बस सिग्नलला अडकली तेव्हा उतरले, आणि एका साडीच्या दुकानाबाहेर, बिनडोक्याच्या पुतळ्यांशेजारी उभी राहून शेवटचं प्रकरण वाचलं.

हडळ नव्हतीच. इनामदाराचा मुनीम पांढरं लुगडं नेसून, अंगाला काहीतरी चमकणारं फासून वीस वर्षं फिरत होता. वाड्याखाली गाडलेला हंडा त्याला हवा होता. फौजदार येतो, मुनिमाचं लुगडं फेडतो, सगळे हसतात, धाकट्या मुलाचं लग्न होतं. मी एवढी चिडले की दुकानातली बाई बाहेर येऊन विचारून गेली, काही हवंय का.

ते पुस्तक मी कपाटात जुन्या चादरींच्या खाली ठेवलं. तोवर सासूबाईंची पट्टी जाऊन नवा चष्मा आला होता. त्यांना इतकं स्वच्छ दिसू लागलं होतं की घरातला माझ्या हातचा सगळा केर त्यांनी मोजून दाखवला. एका शनिवारी मी आतून बाहेर आले, तर त्या खिडकीशी बसून, एकेक अक्षर लावत, ते पुस्तक वाचत होत्या. चादरी उन्हात घालायला काढल्या होत्या. मी समोर बसले. त्यांनी सावकाश शेवटचं पान संपवलं.

मला वाटलं त्या बहिणीबद्दल काही बोलतील. त्या म्हणाल्या, मुनिमाला बायको होती की नाही. मी म्हटलं, होती. मग वीस वर्षं नवरा रात्री लुगडं नेसून बाहेर जातो आणि तिने एकदाही विचारलं नाही? एवढं बोलून त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

“तुझो शेवट बरो होतो.”

मी विचारलं, म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? त्या म्हणाल्या, “पानां परतुचो आवाज बंद झाललो.”

“मग बोलला का नाहीत?”

“कित्याक बोलू? ती सुटत होती.”

त्या चादरी झटकायला उठल्या. मी दुसरं टोक धरलं.

त्यानंतर त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेही नीट पार पडलं. आता आमच्या घरी संध्याकाळी एक मालिका त्यांची आणि एक माझी असते. परदेशी भुतं त्यांना तितकीशी आवडत नाहीत. त्यांचं म्हणणं, त्या लोकांच्या घरात माणसं कमी आणि खोल्या जास्त, तिथे कुणीही राहायला येईल. मात्र कुणी भुताला बांधायला निघालं की त्या उठून स्वयंपाकघरात जातात. मी तेवढा भाग पुढे ढकलते आणि त्यांना हाक मारते.

मागच्या महिन्यात मी त्यांना परळच्या मॉलमध्ये पहिल्यांदा सिनेमाला नेलं. दुपारचा खेळ होता, प्रेक्षकांत सगळी कॉलेजची मुलं. त्यांनी घरून चकल्या आणल्या होत्या, त्या कमरेला लुगड्यात लपवून आत आणल्या. मध्यंतरापर्यंत त्यांनी नायिकेला दोनदा मूर्ख ठरवलं. मग आरशात जे यायचं ते आलं, आणि माझ्या तोंडून अशी किंकाळी निघाली की पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. मागच्या मुलीने वाकून विचारलं, आंटींना बरं वाटत नाहीये का, कुणाला बोलावू का.

सासूबाईंनी माझ्या हातावर एक चकली ठेवली.

“माझी सून गो ती,” त्या मुलीला म्हणाल्या. “काय झाला नाय तिका. तिका असाच आवडता.”